नऊ नंबरचं खोकं

दि. ४ नोव्हेंबर

ती. मोठेमामांना,
घुमीचा शि. सा. न. वि. वि.

आधीच माफी मागते. हे पत्र ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करतेय. एक अक्षर सापडेपर्यंत पुढचं विसरायला होतं. शुद्धलेखनाचं तर तुम्हाला माहीतच आहे, आठवीत सोडलं ते सोडलंच. चूक दिसेल तिथं मनात नीट करून वाचा.

इकडे सगळे बरे आहेत. चाकाच्या बदकांना धाकट्या मामांनी या वेळी पिवळ्याऐवजी हिरवा रंग काढलाय. मामी म्हणाल्या, ही बदकं नाहीत, पोपट आहेत, आणि पोपटांना चाकं कशाला. मामा दिवसभर फुगून बसले. तुम्ही ताईकडे गेलात तरी तुमचं स्टूल पॅकिंगच्या टेबलाशीच आहे. त्याच्यावर कोणी बसत नाही. मामा चुकून पाना ठेवतात आणि लगेच उचलतात.

मोठी बातमी म्हणजे ऑनलाइन दुकानानं परत माल मागवलाय. जुलैतल्या त्या घोळानंतर चार महिने नाही म्हणत होते. पुन्हा चोवीस खोकी, पुन्हा त्यांची तीन गोदामं. तेच सगळं. प्रत्येक खेळण्यावर बारीक रेघांचं स्टिकर लावायचं, कुठल्या खोक्यात काय आणि किती ते आधी कळवायचं, आणि ज्या खोक्याचं लेबल त्याच खोक्यावर. आता यादी धाकटे मामा वाचणार. परवा दोन खोक्यांची तालीम केली तर गाडी सुटल्यासारखे वाचत सुटले. तुम्ही "सात नंबर, ठोकळे, दुसरं गोदाम" म्हणून खोक्यावर टिचकी मारायचात, तसं त्यांना जमत नाही.

तुमचे डोळे कसे आहेत? अजून एक लिहायचं होतं, पण पुठ्ठेवाला आलाय. पुढच्या पत्रात.

ताईला नमस्कार, छकुलीला पापा. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा तरी राहू द्या.

तुमची,
घुमी

*

दि. १२ नोव्हेंबर

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ताईचं आहे, शब्द माझे. मधे ती स्वतःचं काहीतरी घुसडेल, ते तू ओळखशीलच.

तुझं पत्र तिनं दोनदा वाचून दाखवलं. पोपटांना चाकं ऐकून छकुली अजून हसतेय. धाकट्याला म्हणावं, रंग काहीही दे, पण खाली पुठ्ठा घालायला विसरू नको, चोची मोडतात.

डोळ्यांचं काय विचारतेस. वयाचं आहे. वर्तमानपत्र सोडलंय, ताई मथळे वाचून दाखवते. छकुलीला शाळेत सोडायचं काम घेणार होतो, तेही नको म्हटलं. मधे मोठा रस्ता आहे, बसचा नंबर बघावा लागतो. ज्या माणसाला समोरच्या यादीतली ओळ सरळ वाचता येत नाही, त्यानं पोरीचा हात धरून रस्त्यावर कशाला जावं? शेजारच्या बाई नेतात.

धाकट्याचा राग नाही. सगळी खोकी परत आली तेव्हा तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, दादा, आता आराम कर. मी त्या रात्री यादी घेऊन बसलो होतो. कुठली ओळ उडाली ते काही सापडलं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणजे डोळे गेलेच की.

घुमे, मी ताई लिहितेय. बाबांना कळू देऊ नकोस. डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं, डोळ्यांना काहीही झालेलं नाही. बाबा त्यांनाच म्हणाले, तुमचा तक्ता मोठ्या अक्षरांचा, माझी यादी बारीक होती. चष्मा डबीत घालून कपाटात ठेवलाय. तू लिहीत जा, तुझं ते ऐकतात.

तुझ्यावर माया आहेच, ती कमी होण्यासारखं तू काही केलेलं नाहीस.

तुझा,
मोठामामा

*

दि. १९ नोव्हेंबर

ती. मोठेमामांना,
घुमीचा शि. सा. न. वि. वि.

ताई, हे तू वाचून दाखवत असशील तर मोठ्यानं वाच आणि मधे थांबू नकोस.

मामा, ओळ उडाली नव्हती. तुम्ही बरोबर वाचलं होतं. चूक मी केली.

त्या दिवशी गाडीवाला सारखा हॉर्न वाजवत होता. तुम्ही एक पाय दाराबाहेर ठेवून, त्याला हातानं थांबवत यादी वाचत होतात. आठपर्यंत सगळं नीट लागलं. नवव्या खोक्याची चिकटपट्टी सुटली होती, ती दाबायला मी वाकले. उठले तर तुम्ही दहा म्हणत होतात आणि माझ्या बोटाला नऊचं लेबल चिकटलेलं. थांबा म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. तो आलाच नाही. मी घाबरून नऊचं लेबल दहाव्या खोक्यावर लावलं. मग दहाचं अकरावर. वाटलं, पुढे कुठेतरी गाठीन. तुम्ही वाचत गेलात आणि मी एकेक मागे लावत गेले.

शेवटी माझ्या हातात चोवीसचं लेबल राहिलं आणि नऊ नंबरचं खोकं कोरं. ते त्याला लावून टाकलं. तिसऱ्या गोदामाचं लेबल, दुसऱ्या गोदामाच्या खोक्यावर. मनात म्हटलं, दुकान तर एकच आहे, कुठंही गेलं तरी त्यांच्याच घरात जाणार. तुम्ही खडूनं घातलेले आकडे लेबल लागल्यावर पुसायचे असतात, तेही पुसले. त्या दिवशी जरा जास्तच घासून पुसले.

खोकी परत आली. ठोकळे म्हणून पाठवलेल्यात भोवरे, भोवरे म्हणून पाठवलेल्यात बदकं. धाकट्या मामांनी विचारलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, यादी मीच वाचली होती. मी तिथंच होते. हातात चिकटपट्टीचं रीळ होतं, ते उगाच उलगडत उभी राहिले. तुम्ही पिशवी भरलीत तेव्हासुद्धा मी दारामागे होते. मी तुमचं छत्रीचं कव्हर शोधून दिलं आणि आत पळाले.

शाळेत मला उभं करून वाचायला लावायचे आणि माझा आवाज जायचा, म्हणून मी शाळा सोडली. इथं आले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, इथं वाचायचं काम माझं, तू नुसतं लाव. माझ्यासाठी वाचत होतात आणि ठपका त्या वाचण्यावरच आला. चार महिने मी रोज ठरवत होते. तुम्ही छकुलीला शाळेत नेत नाही हे वाचलं आणि काल जेवण गेलं नाही.

लोभ ठेवा असं लिहायची हिंमत नाही. डबीतून चष्मा तरी काढा.

घुमी

*

दि. २८ नोव्हेंबर

चि. घुमीस,
आशीर्वाद.

अक्षर बघ. कोंबडीचे पाय वाटतील, पण माझे आहेत.

ताई अर्ध्यावर आली आणि मी तिच्या हातातून पत्र घेतलं. डबीतून चष्मा काढून घातला, उरलेलं मीच वाचलं. बारीक टाइप, एक शब्द अडला नाही. (तुझ्या चुका मोजल्या नाहीत, फार वेळ गेला असता.)

राग आला. खोटं कशाला सांगू? पत्र आठवडाभर उशीखाली ठेवलं. लेबलाचा राग नाही आला गं. लेबलं चुकतात. पण मी इथं खुर्चीत बसून आपला हात डोळ्यांसमोर धरून बोटं मोजायचो, तेव्हा तुला माहीत होतं की बोटं पाचच आहेत.

छकुली आता दुकानांच्या पाट्या वाचते. पहिली पाटी वाचली तेव्हा तिचा हात शेजारच्या बाईंच्या हातात होता. संध्याकाळी मला येऊन सांगितलं, एवढंच माझ्या वाट्याला आलं. ते आता पुन्हा पहिल्यांदा होणार नाही. तुला लागावं म्हणून लिहीत नाही. पण लागलं तर लागू दे.

माझंही थोडं आहे. त्या दिवशी मी दारातून वाचलं, टिचकी मारली नाही. टिचकी मारायला खोक्याजवळ यावं लागतं. आलो असतो तर कोरं खोकं दिसलं असतं.

आता दोन कामं कर. एक, धाकट्याला सांग. मला पत्रात सांगितलंस, त्याला तोंडानं सांग. दुसरं, लेबल लागलं की तू मोठ्यानं म्हणायचं, "लागलं." ते ऐकल्याशिवाय वाचणाऱ्यानं पुढचा आकडा उच्चारायचा नाही. हे आपण आधीच करायला हवं होतं. तुला बोलायला लागू नये म्हणून मीच केलं नाही.

मी परत येणार नाही. रुसून नाही. सोमवारपासून छकुलीला मी सोडतोय, आणि तिथलं माझं मन उठलं ते उठलं.

लोभ आहे. सध्या जरा लंगडतोय, सांभाळून घे.

मोठामामा

*

दि. १६ डिसेंबर

ती. मोठेमामांना,
घुमीचा शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. तीन दिवस मशीनपाशी जाऊन परत आले. मामी म्हणाल्या, भूक लागलीय का, सारखी घोटाळतेस. चौथ्या दिवशी मशीन चालू असतानाच सांगून टाकलं, तर मामांना काहीच ऐकू गेलं नाही. त्यांनी मशीन बंद करून काय म्हणून विचारलं. मग ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, शांततेत.

ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं की दादा मीच वाचलं म्हणाला तेव्हा तू तिथं होतीस का. मी हो म्हटलं. मग ते चहा तसाच टाकून बाहेर गेले. आल्यावर मामींना म्हणाले, दादा चुकला असं मला एका मिनिटात पटलं, एका मिनिटात.

गेल्या आठवड्यात खोकी भरली. मामांनी तुमचं स्टूल पुसलं आणि त्याच्यावर बसून यादी वाचली. मी दर वेळी लागलं म्हणत होते. पहिले दोन-तीन त्यांनी माझ्या ओठांवरूनच ओळखले असतील. नवव्या खोक्याला माझा आवाज बसला. लेबल लावून झालं होतं, शब्द येईना. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मामा यादीवर बोट ठेवून बसून राहिले, दहा म्हणाले नाहीत. बराच वेळ गेला. मग मी म्हटलं, लागलं.

तिन्ही गोदामांतून कळवलंय की सगळं जिथल्या तिथं पोचलं. मामींनी साखर दिली हातावर. मामांनी नाही घेतली. म्हणाले, हे दादाच्या वाचण्यावर जायला हवं होतं. तुम्हाला पत्र लिहायला घेतात आणि फाडतात. टोपलीत चार बोळे आहेत. सगळ्यांवर "प्रिय दादा" एवढंच आहे.

तुम्ही नाही येणार हे मी दोनदा वाचलं, तरी टेबलाची तुमची बाजू मोकळी ठेवलीय. लंगडता लोभ चालेल मला. चालत राहू द्या.

तुमची,
घुमी

ता. क. पाकीट बंद करून परत उघडलं. समोरच्या चावीवाल्याला जुळ्या मुली झाल्या. मामी दवाखान्यात बघून आल्या. दोघींच्या मनगटाला नंबराच्या पट्ट्या बांधल्यात, आणि तो खुर्ची ओढून मधे बसलाय, उठतच नाही.