फुटाण्यांनी अडवलेलं मंगलाष्टक

ओतूर, गुरुवार

चि. सौ. पारूबाई हिस,

कुंडलिकदादाचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? हनुमंत दाजींचा खोकला अजून कोंबड्याच्या आधी उठतो का? रुपेशची पाठ, सूनबाईची दाढ, म्हशीचं लंगडणं, सगळं कळव. इकडे तुझी वहिनी ठणठणीत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडू शकते. फोनच करणार होतो, पण तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून पत्र.

बोलता का येत नाही, तर तुझ्या औषधानं. आपल्या नातीचं, तेजस्विनीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं. घरातल्या एकाही लग्नात मंगलाष्टक माझ्याशिवाय झालेलं नाही (तुझ्याही लग्नात मीच म्हटलं, आणि तरी दाजी मांडवात थांबले). नेमकी छाती भरली. तू सांगितलंस, झोपताना मूठभर फुटाणे खा, वर पाणी पिऊ नको, कफ आटतो. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. मुठीची वाटी केली आणि दिवसाचंही पाणी तोडलं. आठ दिवसांत कफ आटला खरा, म्हणजे काकवी होती तिची ढेप झाली. तशात गेणभाऊच्या मुलाच्या लग्नात सराव म्हणून उभा राहिलो. दुसऱ्याच कडव्याला "सावधा" म्हणालो आणि "न"च्या जागी अशी उबळ आली, की बँडवाल्यांना ती खूणच वाटली. बँड वाजला, अक्षता पडल्या, मुहूर्ताला चार मिनिटं बाकी असताना नवरा-नवरी मोकळे. गेणभाऊ एवढंच म्हणाला, "कुंडलिकभाऊ, एसटी चुकत व्हती का?" आता तेजस्विनीच्या सासरचे आळे गावाहून मंगलाष्टकं गाणारी पार्टी आणायचं म्हणतात. माझी झोप उडाली.

वृषालीनं (सून असावी तर अशी) मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "बाबा, कफ म्हणजे कचरा नाही. अंगण झाडण्याआधी पाणी मारतो ना, तसा तो. धूळ, जंतू त्याला चिकटतात. श्वासाच्या नळ्यांना आतून बारीक केस असतात." मी विचारलं, "मग तिथं न्हावी कसा न्यायचा?" वृषालीनं तोंड भिंतीकडे केलं. तर ते केस कापायचे नसतात. ते रात्रंदिवस खालून वर झाडत सगळं घशापर्यंत आणतात आणि आपण नकळत गिळतो (हे जेवताना वाचू नको). पाणी किती सोडायचं, ते नळ्याच ठरवतात. आधी मीठ सोडतात, मिठामागे पाणी येतं, कैरीच्या फोडींना सुटतं तसं. पाणी घटलं की चिखल होतो आणि केरसुणी रुतते. बिडीचा धूर तर केरसुणीच जाळतो. चाळीस वर्षं मी तेच केलं, पारू. आठवडा झाला, सोडली.

आता पाणी पितो, वाफ घेतो. आज सकाळी "सावधान" अख्खं म्हणालो. शेजारची झुंबरबाई विचारून गेली, कुणाचं लगीन लागलं म्हणून.

तुझा,
कुंडलिकदादा

ता. क. इथवर दाजींना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांना शहाणपण सोसत नाही, दुसऱ्याची फजिती सोसते. पुढचं मात्र मनात वाच. मांडवाच्या कामाला म्हणून त्यांना आठ दिवस आधी घेऊन ये. डॉक्टरीणबाईंकडे त्यांचा नंबर लावला आहे. तो रोजचा खोकला मला बरा वाटत नाही. तुझ्या लग्नात "सावधान" मी त्यांना म्हणालो होतो, आता तुला म्हणतो.

आणखी एक. येताना दोन शेर फुटाणे आण. बिडी सुटल्यापासून हात सारखा खिशात जातो, तिथं काहीतरी लागतं. पाणी पिऊन खाईन. येणार कधी, ते लगेच लिही.