करपलेला घाणा

प्रिय नाकू,

हे नाव वाचून कपाळाला आठ्या घालशील, पण दुसऱ्या नावानं तुला हाक मारायला माझी जीभ वळत नाही. आठ महिने झाले तुला जाऊन. आपली चॉकलेटची दगडी चक्की अजून तशीच कुरकुरते. एकदा सुरू केली की तीन दिवस थांबत नाही. पूर्वी तिच्या आवाजात तुझं बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून मी तिला शिव्या घालायचे. आता ती थांबली की खोली खायला उठते, म्हणून मीच उगाच दळण लांबवते.

गिऱ्हाइकं विचारतात, त्या दुसऱ्या ताई कुठे गेल्या? मी सांगते, गावी. आणि विषय बदलायला माझी जुनी रेकॉर्ड लावते, की फार पूर्वी लोक कोको कडूच प्यायचे, साखर त्यात खूप नंतर आली. बिया तर बाजारात नाण्यांसारख्या चालायच्या आणि काही लबाड रिकाम्या टरफलात माती भरून त्या खऱ्यांत मिसळायचे. इथवर आलं की तू मागून मोठ्ठी जांभई द्यायचीस. परवा सवयीनं मागे वळून पाहिलं. फळीवर तुझा एप्रन होता, तू ठेवलास तसाच, घडी केलेला.

तो दिवस मला रोज आठवतो. बिया भाजणं सगळं तुझ्या नाकावर चालायचं. आंबट वास मरून ताज्या पावासारखा वास सुटला की तू ‘आता!’ म्हणून ओरडायचीस आणि मी ट्रे बाहेर ओढायचे. घड्याळाकडे आपण कधी पाहिलंच नाही. त्या दिवशीही तू ओरडलीस. मला पावाचा वास आला नव्हता, म्हणून मी ट्रे आतच ठेवला. घाणा करपला, फेकून दे, असं तू म्हणालीस. त्यावर, सर्दीनं तुझं नाक बंद झालंय आणि दोष बियांना देतेस, नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तीन गिऱ्हाइकांसमोर बोलले. तू एप्रन काढलास, घडी करून फळीवर ठेवलास आणि निघून गेलीस.

चार महिन्यांपूर्वी घरी दूध करपून पातेलं काळं पडलं. शेजारीण धावत येऊन दार बडवू लागली, आणि मी तिथेच, शेगडीपासून चार पावलांवर पेपर वाचत बसले होते. तशीच उठून कारखान्यात आले आणि बियांच्या पोत्यात तोंड खुपसलं. काही नाही. डॉक्टर म्हणाले, मागच्या तापात वास गेला असावा, परत येईलच असं नाही. तो ताप आपल्या भांडणाच्या दोन आठवडे आधीचा, तूच माझ्या उशाशी बसली होतीस. नाक माझं गेलं होतं, नाकू. नाचता मलाच येत नव्हतं. हे कळूनही चार महिने मी तोंड शिवून बसले. टरफलात माती भरलेली बी ती मीच. माझं चुकलं. सोबतच्या वड्यांसाठी बिया घड्याळ लावून भाजल्यात, मला त्या वड्या नुसत्या कडू लागतात. कशा झाल्यात ते पत्रात लिहू नकोस. ये, भट्टीपाशी उभी राहा आणि ‘आता’ म्हण. या वेळी मी ट्रे ओढीन.

तुझीच,
बडबडी