बिनवासाचा सापळा

२ फेब्रुवारी
...आनि वर मलाच सांगते, हात लावू नका! वाडी माझी, चिकूची बावीस झाडं माझी, आनि मीच हात लावायचा नाय. गीतांजली मॅडम, कृषी खात्याची. आठ कामगंध सापळे दिले. आत रबराची बारकी गोळी, उघडा हात लागला तर म्हने बिघडते. तिला म्हने मादी पाखराचा वास. नर भुलून येतो, आत पडतो, मरतो. मग अंडी नाय, अळी नाय. दर सोमवारी मेलेली पाखरं मोजून या वहीत लिहायची. मी बाकीचं पन लिहीन. मॅडमला वेगळा कागद देईन.

दीर भगवान बोलला, वैनी, यंदा अळी निघाली तर पाडव्याला बिल्डरला वाडी विकायची सही देनार, तू पन द्यायची. मी बोलले, पेन झाकून ठेव, वाळून जाईल.

३ फेब्रुवारी, सकाळी
गोळी हुंगली. काय पन वास नाय. तीस वरसं मोऱ्याच्या बाजारात सुकट विकते मी. वासाबिगर गिऱ्हाईक येत नाय. दिसेल त्या सापळ्यात मूठभर सुकट घातली. मॅडम शिकली, तिचं नाक नाय शिकलं.

९ फेब्रुवारी, सोमवार
४१२! फोन केला. मॅडम घाबरली. एवढी? बघायला येते बोलली. बोलले, नको, रस्ता खोदलाय. बऱ्याचशा माशा वाटतात. पंख हाय ना, मग झालं.

१७ फेब्रुवारी
मांजरांनी दोन सापळे फाडले. बांधले. शेजारची सकिना कुंपनावरून ओरडली, गोजराबाय, चिकू विकतेस का बोंबील? तिच्या सापळ्यांत आठवड्याला नऊ पाखरं. नऊ! बोलले, सुकट देऊ का उसनी?

८ मार्च
भगवानसमोर चिकू कापला. अळी. बोलले, हा वाऱ्याने पडलेला. दुसरा कापला. अळी. बोलले, हा सकिनाच्या बाजूचा. मग त्यानेच सुरी घेतली. चौदा कापले. त्याने टोमना मारला असता तर मी उलटा मारला असता. पन बोलला, वैनी, चहा ठेव.

साखर घालायची राहिली. तसाच प्यायला.

१२ मार्च
मॅडम आली. सापळा उघडून नाकाला पदर लावला. हे काय? बोलले, खुराक. ती बोलली, मावशी, माशांनी भरल्यावर पाखरू बसनार कुठे? नर मेलेच नाय. बोलले, तुमची गोळीच थंड.

मग ती विहिरीकडे गेली. तिथला सापळा फांदीआड होता, मी विसरलेच होते. सुकट नव्हती. आत ३७ पाखरं. खरी, राखाडी. तिथल्या तीन झाडांचे वीस चिकू कापले. दोनांतच अळी.

मॅडमने ३७ तिच्या कागदावर लिहिले. मी या वहीत.

१३ मार्च
भगवान फोन उचलत नाय. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं, तेच इथे उतरवते.

भगवान, तीन झाडं चांगली निघाली, म्हनजे बावीस निघतील. चूक गोळीची नव्हती. माझी होती. हे मी कधी कोनाला बोलले नाय, तुला बोलते. एक वरीस दे. हातमोजे घालीन, मॅडम सांगेल तसंच करीन. त्या बिल्डरला माझ्या सासऱ्याने लावलेलं एक पन झाड ओळखता येत नाय. तुला येतं. सोमवारी, १६ तारखेला, दिवस डुबायच्या आत हो का नाय ते सांग. बघू बोलायचं नाय.