पंख्याची षष्ठी

दुर्गापूर, ५ जून १९८७

ती. मा हिस,

बुलूचा शि. सा. न. रीत आहे म्हणून लिहिला, वाकायची इच्छा आज नाही. आम्ही सुखरूप पोचलो. तू दिलेले आंबे फुटले नाहीत. खुशाली संपली, आता रागाचं लिहिते.

जामाईषष्ठीला तू जावयाला जेवायला बोलावलंस, मग मला काय तमाशा व्हायला बोलावलं होतंस? ओला ताडाचा पंखा घेऊन तू एकेकाला वारा घालत, दीर्घायुष्याचं षाट षाट म्हणत पुढे येत होतीस. सुबिमलला घातलास, दादाला घातलास, दादाच्या टुटुलला घातलास. पुढची मी होते. तेवढ्यात तुझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या जेठीमा, उठल्या, षष्ठीदेवीपुढची तांदळाच्या पिठाची बाहुली उचलली आणि सगळ्या बायकांदेखत माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, पदर पसर बाई, देवी काही आंधळी नाही, पुढच्या ज्येष्ठात पाळणा हलेल. मग शंख फुंकला. जमलेल्या सगळ्या हसल्या. आणि तू, माझी आई, पंखा खाली ठेवून भात करपतोय का ते बघायला आत गेलीस.

बाहुली मी उचलून परत ठेवली. आपटली नाही. पीठ ओलं होतं, मान तुटली. त्यावर जेठीमांनी जो गळा काढला तो अख्ख्या शांतिपूरने ऐकला असेल. मूल सुबिमललाही नको आहे, माझ्याइतकंच नको आहे. त्याच्या मांडीवर कोणी बाहुली ठेवली नाही. त्याच्या ताटात इलिश माशाचा सगळ्यात मोठा तुकडा पडला.

निघताना मितालीवहिनीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, कलकत्त्याच्या डॉक्टरांचं औषध लागू पडतंय का. कोणते डॉक्टर, मा? कसलं औषध? मग कळलं की तूच सगळ्यांना सांगत फिरते आहेस, बुलूच्या पोटात दोष आहे, इलाज चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर आंब्याची पोळी वाळत घालताना मी तुला सरळ सांगितलं होतं की आम्हाला मूल नको, आमचं दोघांचं ठरलं आहे. तू बरं म्हणालीस. तुझ्या त्या बरंचा अर्थ हा होता होय?

मी आजारी नाही. मी एक गोष्ट विचार करून ठरवली आणि तू तिचा रोग करून टाकलास. जेठीमांना आणि घरातल्यांना तू खरं सांगत नाहीस तोवर मी शांतिपूरला पाऊल ठेवणार नाही. दुर्गापूजेलाही नाही.

लोभ शिल्लक असेल तर कळव.

तुझी धडधाकट मुलगी,
बुलू


शांतिपूर, १४ जून १९८७

चि. सौ. बुलूस,

अ. उ. आ. नमस्कार तू रीतीचा केलास, माझा आशीर्वाद खरा आहे. तो आधी घे आणि मग ऐक.

पत्र पोस्टमनने जेठीमांच्या हातात दिलं. माझ्या थोरल्या जावेला वाचता येत नाही म्हणून वाचलीस. हो, सांगितलं मी खोटं. दुसरं काय सांगणार होते? जिला होत नाही तिची लोक कीव करतात, तिच्या पानात माशाचा एक तुकडा जास्त वाढतात. जिला नकोच असतं तिच्या अंगाला आपलं पोर लागू देत नाहीत. त्यातल्या त्यात बरं ते मी निवडलं. तुझं काय, तू मास्तरीण, क्वार्टरच्या दाराला कडी लावलीस की सुटलीस. मला याच अंगणात, याच विहिरीवर, याच जावेच्या शेजारी चूल पेटवायची आहे. तुझे बाबा असते तर मला एवढं सोसावं लागलं नसतं.

टुटुलला दुसऱ्याच दिवशी ताप भरला. जेठीमा म्हणाल्या, बाहुलीची मान मोडली त्याची ही फळं. मितालीनेही मान डोलावली. ताप कच्च्या कैऱ्यांचा होता, त्याच्या खिशातल्या कोयी मीच काढून टाकल्या. पण माझं तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडलं की तुझ्यापर्यंत विषय आला असता.

आता एक मी विचारते. लोक तुला काही विचारत नाहीत, मला विचारतात. पोरीने आईपणाची एवढी धास्ती का घेतली, तुझ्या घरात असं काय पाहिलं तिने, असं विचारतात. ऐकून ऐकून मीही स्वतःला विचारायला लागले आहे. तुला मी उपाशी ठेवलं? दादाला दूध आणि तुला पाणी असं केलं? माझ्याकडे बघून तुला आई व्हावंसं वाटू नये, इतकी वाईट होते का मी? काय चुकलं ते एकदा स्पष्ट लिही, म्हणजे मी मोकळी.

पूजेला येणार नाही असं लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही?

लोभ आहे. सध्या त्यावर झाकण ठेवलं आहे.

मा


दुर्गापूर, २५ जून १९८७

ती. मा हिस,

शि. सा. न., या वेळी अर्धाअधिक खरा.

टुटुलचा ताप उतरला का? त्याला सांग, आत्याने बाहुली त्याच्यावर रागावून मोडलेली नाही.

सगळं स्वतःवर ओढून घ्यायची तुझी सवय जात नाही. तुझं काहीही चुकलं नाही. दूध दोघांना सारखं दिलंस, मार दादाने जास्त खाल्ला. आई चांगली मिळाली म्हणून आपणही आई व्हायलाच हवं, असं थोडंच आहे?

ज्याला त्याला कारण हवं असतं. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणतात, नोकरीचा हव्यास. शेजारीण म्हणते, दोघांचं आतून पटत नसणार. जेठीमांच्या मते देवीचा कोप. मला नको आहे, एवढं कारण कोणालाच का पुरत नाही? वर्गातल्या मुलींवर माझी माया आहे, आणि घंटा झाली की घरी यायलाही मला आवडतं. घरी आम्ही दोघं असतो, भांडतो, मासे तळतो, रेडिओ ऐकतो. आम्हाला तेवढं पुरतं. लोकांची तोंडं बंद करायला एक जीव जन्माला घालायचा आणि मग आयुष्यभर त्याच्यावर डाफरायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

बाहुलीचा राग एक वेळ मी विसरेन. पंख्याचा विसरणार नाही. षष्ठीचा उपास आई आपल्या पोटच्या मुलांसाठी धरते ना? मी तुझ्यासमोर बसले होते. सगळ्यांना वारा घालत तू माझ्यापाशी आलीस आणि परत फिरलीस. मला मूल नाही म्हणून मी तुझंही मूल राहिले नाही का? हे लिहिताना मी रडले आहे आणि मला त्याचाही राग येतोय.

माझी अट कायम आहे. झाकण काढशील तेव्हा लिही.

बुलू


शांतिपूर, ३१ ऑगस्ट १९८७

चि. सौ. बुलूस,

अ. उ. आ. दोन महिने मुद्दाम लिहिलं नाही. काय लिहायचं ते कळत नव्हतं, आणि तुझ्यावरचा रागही जात नव्हता.

परवा भाद्रपदातली षष्ठी झाली. दरवर्षीसारख्या आम्ही बायका पिठाच्या बाहुल्या पाण्यात सोडायला तळ्यावर गेलो. केळीच्या पानावर माझ्या दोन बाहुल्या, एक दादाच्या नावाची, एक तुझ्या. जेठीमांनी वाकून तिसरी ठेवली. म्हणाल्या, ही बुलूच्या होणाऱ्या बाळाची, हिच्यासाठी जरा नीट हात जोड, बिचारीचा दोष जाईल.

तुझ्या पत्रातला पंखा माझ्या डोक्यात होताच. मी ती बाहुली उचलून त्यांच्या पानावर परत ठेवली. म्हटलं, दिदी, माझ्या मुलीत काही दोष नाही, डॉक्टरही नाही आणि औषधही नाही. दोघांना मूल नको आहे. मी तुम्हाला इतके दिवस खोटं सांगितलं.

जेठीमा म्हणाल्या की असली मुलगी त्यांच्या पोटी आली असती तर बाळंतिणीच्या खोलीतच तिच्या तोंडात मीठ कोंबून तिला संपवलं असतं. बुलू, मी या घरात बावीस वर्षांची आले तेव्हापासून या बाईला उलटून बोलले नव्हते. परवा बोलले. विचारलं, तुमचे पाच मुलगे, यंदा एकाचं तरी पत्र आलंय का? माझी लेक भांडायला का होईना, लिहिते. त्या पायरीवर बसून रडायला लागल्या. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

तेव्हापासून त्यांनी चूल वेगळी केली आहे. समोरच्या घरी नातीचं अन्नप्राशन आहे, गल्लीभर बोलावणं फिरलं, माझं दार वगळून. मिताली काही बोलत नाही, पण टुटुलला माझ्याकडे पाठवते, त्यातच मी काय ते समजून घेते.

मी तुझी बाजू घेतली असं समजून फुशारू नकोस. तुझं मला पटलेलं नाही, मरेपर्यंत पटेल असं वाटत नाही. नातवंडाला मांडीवर घ्यायला माझे हात आजही शिवशिवतात आणि त्याचा मला तुझ्यावर राग आहे. पण तो माझा आणि तुझा मामला. बाकीच्यांनी त्यात बाहुल्या आणायचं कारण नाही.

अट पुरी केली आहे, आता पूजेला या. सप्तमीला नको, आदल्या दिवशी षष्ठीलाच या, म्हणजे माझा उपास असेल आणि भांडायला अंगात बळ नसेल. पंख्याची षष्ठी ज्येष्ठात असते, आश्विनात कोणी पंखा काढत नाही, हे मला शिकवायला येऊ नकोस. जेठीमा खिडकीतून बघतील, बोलतील, बोलू देत. पंखा माळ्यावरून काढून धुऊन ठेवला आहे. जावयाला सांग, या खेपेला त्याने थांबायचं. आधी तू.

लोभावरचं झाकण काढलं आहे.

मा