पाण्यावरच्या स्कूटरची पहिली फेरी

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)
४ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप जयवंतमामांच्या चरणी लवूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे ते सविस्तर कळवावे. इकडे आई बरी आहे. मीही बरा आहे, फक्त जेवण कमी झालं आहे. त्याचं कारण असं.

मढला एका शेटचा बंगला आहे, तिथे सिनेमावाले शूटिंग करतात. त्यांनी पाण्यावर चालणारी एक स्कूटर तिथेच टाकून दिली. (तिला चाकं नाहीत. बसायला सीट, धरायला हँडल, खाली होडीसारखं पोट आणि पोटात इंजिन.) खारं पाणी शिरून इंजिन जाम झालेलं. शेट म्हणाले, नवीन सामान मागवायचं नाही, आहे त्यात चालू करून दाखव, म्हणजे हिच्यासाठी आणि बंगल्याच्या पंपासाठी तुला कायमचा ठेवतो, राहायला खोलीही देतो. आमचं गॅरेज मार्चमध्ये बंद होणार हे आईने तुम्हांला कळवलंच असेल. तेव्हा मी आधी हो म्हणालो आणि मग विचार केला. (हा माझा नेहमीचा क्रम नाही.)

इंजिन काढून चाळीत आणलं. आठ दिवस रॉकेलमध्ये भिजवलं तेव्हा पिस्टन हलला, पण तो खाऱ्या पाण्याने पार खाल्लेला. कुर्ल्याच्या भंगारात एका मोटरसायकलचा पिस्टन मिळाला, मापाने जरा मोठा. मग लेथवाल्या अंबादासकडून सिलिंडर आतून तेवढा वाढवून घेतला. तो म्हणाला, "लवू, ही दुरुस्ती नाय, बढती आहे." ताकद वाढली हे खरं. पण ती मी मागितली नव्हती.

खरी पंचाईत पुढेच. हे इंजिन थंड राहायला त्यातून सतत पाणी फिरावं लागतं, आणि आमच्याकडे नळ येतो पहाटे साडेपाच ते सव्वासहा. म्हणजे चाचणी त्याच वेळेत, आणि हंड्यांची रांगही. शेजारच्या शकुमावशी (पाळ्या त्याच ठरवतात) म्हणाल्या, "तू विंजिनाला आंघोळ घाल, आम्ही कोरडे बसतो." त्यांचं बरोबरच होतं. म्हणून आमच्याच पाळीची सात मिनिटं इंजिनाला दिली. दोरी ओढताच ते सुरू झालं, आणि आत फिरून आलेलं पाणी दुसऱ्या नळीतून कोमट होऊन पडू लागलं. मावशींनी भांडण अर्ध्यावर सोडून तिथे बादली लावली. दुसऱ्या दिवशी चार बादल्या होत्या. पाण्याला तेलाचा वास येतो, हे मी प्रत्येकीला वेगवेगळं सांगितलं. "थंडीत चालतंय रे," असं उत्तर आलं. काल इंजिन मढला नेऊन बसवलं, तर चाळ माझ्याशी बोलत नाही.

शेटनी पहिल्या फेरीसाठी रविवार, १६ तारीख धरली आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला भाचा,
लवू

ता. क. शेट म्हणतात, ज्याने इंजिन बांधलं त्यानेच आधी बसून दाखवायचं, नाहीतर नोकरी विसर. मालवणचा मुलगा म्हटल्यावर पोहता येतं का हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. इंजिनावर माझा पूर्ण भरवसा आहे. म्हणून तुम्ही शनिवारपर्यंत एसटीने यावे. तुम्ही तीस वर्षं होडी चालवलीत. तुम्ही पुढे बसा, मी मागे बसतो.

आणखी एक. वरचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जयवंताक तरी खंय पोवाक येता?" मामा, हे खरं असेल तर राग मानू नका, पण तरीही या. पाण्यात उतरू नका, किनाऱ्यावर उभे राहा, आणि तीस वर्षं रोज कसे गेलात तेवढं मी बसण्याआधी मला सांगा.