साडेचार तास शांतता बाकी

२ मार्च, सोमवार
आलेला माल: सीडी प्लेअर, जुना पण चालू, ६५०. हेडफोन १८०. संथ वादनाच्या तीन सीडी ९०. चौथी दुकानदाराने फुकट दिली, तिच्यावर जरा चरा आहे.

सुनेला सातवा महिना. प्रेशर १३०/८४. डॉक्टरीणबाईंनी कागद दिला: रोज अर्धा तास मनाजोगं संथ संगीत ऐकावं, ताण हलका होतो, बाळंतपणालाही मदत होते. सून म्हणाली, मी मोबाइलवर ऐकीन की. मी म्हटलं, मोबाइलवर लोक काहीही ऐकतात, हे औषध आहे. जबाबदारी मी घेतली. देवासमोर संकल्प: सुनेला अजिबात ताण द्यायचा नाही.

३ मार्च, सकाळी ७
वेगळी वही उघडली. रकाने: तारीख, मिनिटं, शांतता (दहापैकी). सुनेला सहा दिले. कशावरून सहा, म्हणाली. कपाळावर आठी होती, म्हटलं. आठी वाढली. पाच केले.

५ मार्च
हेडफोन एकटीच्याच कानात वाजतो, वीज मात्र तेवढीच जाते. काढून ठेवला. आता सगळ्या घराला लाभ. मुलगा घरून ऑफिसचं काम करतो. त्याच्या साहेबांनी विचारलं म्हणे, तुमच्याकडे कोणी गेलं का? लोकांना संगीतातलं कळत नाही.

८ मार्च
फुकटची सीडी लावली. एका जागी अडकते. तेच चार सूर, चाळीस मिनिटं. सून म्हणाली, आई, बंद करा हो, डोक्यात घण पडतायत. जपातही आपण तेच तेच म्हणतो, तेव्हा कुठे पडतात घण? शांतता: तीन. दोष ऐकणारीचा.

२१ मार्च, शनिवार
गेले नऊ दिवस सबबी. कधी मळमळ, कधी झोप, कधी मैत्रिणीचा फोन. हिशेब म्हणजे हिशेब, बुडालेलं पुढे ओढलं. आजअखेर साडेचार तास शांतता बाकी. मुलाने विचारलं, शांतता काय हप्त्याने फेडायची असते? त्याने बोलू नये. तोही रोज बुडवतो.

२२ मार्च
मागचे साडेचार आणि आजचा अर्धा, एका बैठकीत वसूल. साडेआठ ते दीड. उशी, पाणी, पायाखाली पाट, कशाला कमी नाही. दोनदा उठूही दिलं. शेवटी सून रडली. मन मोकळं झालं असणार. शांतता: आठ. आजवरचा उच्चांक.

२३ मार्च
प्रेशर १५८/१०२. डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतलं. घरी काही ताण आहे का, मला विचारलं. छे, म्हटलं, मी रोज हजेरी घेते. वही दाखवली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. आजवर माझी वही एवढ्या लक्षाने कोणी वाचली नव्हती. मग मुलाला एकट्याला आत बोलावलं. कौतुक तोंडावर करायचं नसेल.

२७ मार्च
सून दवाखान्यातून परस्पर तिच्या आईकडे गेली. मुलगाही. डॉक्टरीणबाईंचं सांगणं: औषधं, आराम, आणि मी सांगेस्तोवर सासूबाईंचा फोन नको. मुलाने हे बुटांकडे बघत सांगितलं.

६ एप्रिल
मुलाचा मेसेज: प्रेशर १२४/८०. तिकडे काय ऐकवता, विचारलं. काही नाही म्हणे, तिची आई भांडी घासताना गुणगुणते, ती पडल्या पडल्या ऐकते. म्हणजे माझ्या पाच तासांचा गुण आला. उशिरा का होईना.

२० मे
शेजारीण जिन्यात भेटली. आजी झालात, आठ दिवस झाले, आणि आम्हाला पत्ता नाही, म्हणाली. मी म्हटलं, दृष्ट लागते म्हणून बोलले नाही. पुढे तिला विचारता येईना, मुलगा की मुलगी.

घरात आले. देवाला दिवा लावला. काय मागायचं ते सुचलं नाही. फोन लावला असता, पण नको म्हटलेलं आहे. पत्राला कोणी नको म्हटलेलं नाही. विहीणबाईंना लिहिलं, त्याची नक्कल:

सप्रेम नमस्कार. कळलं. फार आनंद झाला. मी येणार नाही, काही पाठवणारही नाही, सुनेला तसं सांगावं. तुमच्या हातून नीट पार पडलं, हे बरं झालं. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. मुलगा की मुलगी, आणि तिला आता बरं वाटतं ना, एवढंच परतीच्या टपालाने कळवावं.