काजवालीला सहावी मोजण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
कामाच्या ठिकाणी समान वागणूक कक्ष,
दुसरा मजला, खोली क्र. ९ (दारावर अजून ७ लिहिलेले आहे ती).

विषय : धर्मावरून कामावरून काढल्याची माझी तक्रार 'दुकानात कामगार पाचच आहेत' या कारणाने निकाली काढली, तिचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ३ फेब्रुवारीचा अर्ज.
२) आपण दि. ९ फेब्रुवारीला दुकानात केलेली पाहणी.
३) आपले दि. २१ फेब्रुवारीचे साडेतीन ओळींचे पत्र.

महोदय,

मी कोट शिवणाऱ्या दुकानात अकरा वर्षे हाताने काजे करत होते. काज म्हणजे बटण जिच्यातून जाते ती चीर, दोऱ्याने बांधून घेतलेली. दुकानात मला सगळे काजवाली मावशी म्हणतात. म्हणत असत, असे लिहायला हवे.

१. धर्मावरून कोणाला कामावरून काढू नये हा कायदा सहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानालाच लागू होतो, पाहणीत पाच आढळले, सबब तक्रारीचा विचार करण्याचे कारण उरत नाही, असे आपण कळवले आहे. पाच जणांच्या दुकानात माणसाला धर्मावरून हाकलले तर लागत नाही, सहावा आला की लागायला लागते, हे मला ठाऊक नव्हते. आपण कायदा शिकलात, मी काज शिकले. चूक माझीच असणार.

२. हकिकत थोडक्यात अशी. रोज सकाळी शटर उघडले की मालकांची प्रार्थना होते. वीस मिनिटे. सगळ्यांनी आपापल्या मशीनपाशी उभे राहायचे. तो माझा धर्म नव्हे, पण मी अकरा वर्षे उभी राहिले. दुसऱ्याच्या देवासमोर मान खाली घातल्याने माझ्या देवाचे काही बिघडत नाही, असे माझे मत आहे. माझी स्वतःची प्रार्थना दुपारची, सात मिनिटांची. ती मी जेवणाच्या सुट्टीत, ट्रायल रूमचा पडदा ओढून करत असे, कारण दुकानात कोणाच्या नजरेत न येणारी जागा तेवढीच आहे. आतल्या आरशावर एखादा अर्धवट शिवलेला कोट टाकायचा, म्हणजे स्वतःचे तोंड समोर येत नाही. यात अकरा वर्षांत कोणाची एक शिलाईसुद्धा उसवली नाही.

३. जानेवारीत मालकांचे जावईबापू दुकानात लक्ष घालू लागले. त्यांनी शिस्तीचा तीन दिवसांचा कोर्स केलेला आहे, आणि तो वाया जाऊ द्यायचा नाही असे त्यांनी ठरवलेले दिसले. एका दुपारी एक गिऱ्हाईक पँट घालून बघायला आले, तर पडदा ओढलेला. ते गृहस्थ म्हणाले, "होऊ द्या सावकाश, मला कुठे पळायचंय?" हे सर्वांनी ऐकले. जावईबापूंनी मात्र काही वेगळेच ऐकले असावे, कारण दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली : 'हे दुकान सर्व धर्मांच्या लोकांचे आहे, म्हणून येथे कोणीही धार्मिक कृती करू नये.' त्या पाटीखाली दुसऱ्या सकाळी मालकांची प्रार्थना नेहमीप्रमाणे झाली. उलट दोन मिनिटे जास्तच चालली, नवीन पाटी लागली म्हणून.

मी अदबीने विचारले. जावईबापू म्हणाले, "अहो मावशी, ती प्रार्थना नाही, ती दुकानाची पद्धत आहे. तुमची ती प्रार्थना." इतके सोपे मला अकरा वर्षांत कोणी समजावून सांगितले नव्हते. त्या दुपारी मी पडदा ओढला. संध्याकाळी माझी कात्री आणि बोटात घालायचे अंगुस्तान कागदात गुंडाळून माझ्या हातात देण्यात आले. मालक तेव्हा गिऱ्हाइकाचे माप घेत होते. बराच वेळ घेत होते.

४. आता मोजणीचा मुद्दा. मालकांनी आपल्याला लेखी दिले आहे की मी कामगार नव्हतेच, 'कुटुंबातील सदस्यासारखी' होते, आणि कुटुंबातल्यांना मोजायचे नसते. हजेरीबुकात माझे नाव नाही हे खरे आहे. पहिल्या वर्षी मी विचारले होते, तेव्हा मालक म्हणाले होते, "अगं, तू घरचीच. घरच्या माणसाला कसली हजेरी?" मला बरे वाटले होते. मी तो शब्द घरी जाऊन सांगितलाही होता.

महोदय, हे वाक्य अर्जात बसत नसेल तर आपण खोडावे : मालकांच्या आई आजारी असताना मी त्यांच्या उशाशी पंधरा दिवस बसले. त्या मला म्हणायच्या, "तुझी ती दुपारची म्हण ना गं, ऐकताना बरं वाटतं." मी म्हणायचे. मालक दारात उभे राहून ऐकायचे, आणि तेव्हा भिंतीवर कुठलीही पाटी नव्हती. मला मालकांचा राग कमी येतो, वाईट फार वाटते. म्हणजे मोजताना मी घरची आणि प्रार्थनेला परकी. दोन्हींपैकी एक काहीतरी मला ठरवून द्यावे.

५. दि. ९ रोजी आपण आलात तेव्हा मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. आपण कटिंग मास्तर, मशीनवरचे दोघे, इस्त्रीवाला आणि कपडे पोचवणारा असे पाच मोजलेत. काचेतला पुतळा आपण मोजला नाहीत हे योग्यच, त्याला धर्म नाही. तरी तो आत होता आणि मी बाहेर. सहा जणांपैकी एकीला धर्मावरून बाहेर काढले, की आत पाच उरतात, आणि पाच उरले की काढल्याचा गुन्हाच उरत नाही. मला काढून मालकांनी कायदा मोडला नाही, कायद्यालाच माझ्यासोबत बाहेर काढले. ही सोय मुद्दाम ठेवली असेल तर ठेवणाऱ्याच्या डोक्याला माझा नमस्कार सांगावा.

६. 'अर्जदार सदर दुकानात काम करत असल्याचा पुरावा नाही' असेही आपल्या पत्रात आहे. पुराव्याबाबत कळवते. पाहणीच्या दिवशी आपण करड्या रंगाचा कोट घातला होता. तो बघून मालकांनी सर्वांसमोर अभिमानाने सांगितले, "साहेब, हा तर आपल्याच दुकानचा!" आणि आपण हसून हो म्हणालात. हे कटिंग मास्तरांनी मला सांगितले असून ते कोठेही सांगायला तयार आहेत.

त्या कोटाला पुढे तीन काजे आहेत. मी डावखुरी आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याची शेवटची गाठ ज्या बाजूला पडते, त्याच्या उलट बाजूला माझी पडते. आपण मोजलेल्या पाचही जणांनी एकेक काज करून दाखवावे. मास्तर सोडले तर बाकीच्यांना ते येतही नाही, आणि मास्तर उजव्या हाताचे आहेत. मग ती तीन काजे कोणी केली, याची चौकशी व्हावी. पाचांनी केली नसतील, तर दुकानात सहावे कोणीतरी होते.

तरी माझी विनंती अशी की मला सहावी मोजावे, माझी तक्रार ऐकावी, मला कामावर परत घेण्यास सांगावे आणि पाटी एकतर उतरवावी, नाहीतर सकाळीही वाचावी. मला दुपारची सात मिनिटे आणि एक पडदा पुरतो.

आपल्या मोजणीत येण्याची वाट पाहणारी,
(डाव्या हाताने सही)
काजवाली मावशी
दि. ४ मार्च

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) पाटीचा फोटो. खाली प्रार्थनेला उभे असलेले मालक दिसत आहेत.
३) नमुन्यादाखल एक काज, पांढऱ्या कापडावर, आजच केलेले.
४) आपला करडा कोट. मूळ प्रत आपल्या अंगावर असल्याने जोडलेली नाही. क्र. ३ शेजारी धरून पाहावी.